सोयाबीन आणि कर्करोग



व्याख्यानाचा विषय सोयाबीन आहे असे मी कळविले तेव्हा व्याख्यानमालेचे चालक जरा हसले. वाशीच्या माणसांना सोयाबीनविषयी हा काय नवे सांगणार, असे त्यांच्या मनात आले असावे. पेरणी, काढणी किंवा आडतीवरचा भाव यांविषयी मी बोलणार असतो, तर ते हसणे अगदी योग्य होते. परंतु मौज अशी की, जे पीक आपल्या शिवारात एवढे उभे असते ते आपल्या ताटात फारसे येत नाही. भूम-वाशीकडचे दूध खवा होऊन परगावी जाते, तसे सोयाबीन तेलाच्या गिरणीत जाते. तेल निघते, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात पडते. गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याला मगनवाडीत सोयाबीनचे जेवणात प्रयोग करून पाहिले होते. मराठी स्वयंपाकघराने ते फारसे मनावर घेतले नाही, हे मान्य करावयास हवे.

मात्र काही घरांत दळणात सोयाबीन मिसळतात. अशाच एका घरचे गृहस्थ गेल्या वर्षी मजकडे आले. पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती, पुढचे उपचार चालू होते. एका नातलगाने सांगितले, सोयाबीनमध्ये बायकांचे संप्रेरक असते, त्याने गाठ पुन्हा उद्भवते. लगेच दळण बदलले, सोयाबीनच्या वड्याही बंद झाल्या. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या नातलगाने सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्यांचा डबा आणून दिला. याने कर्करोग बरा होतो म्हणे! एकाच दाण्याविषयी एकाच घरात दोन निकाल, आणि दोघेही आपापल्या परीने हितचिंतक. इकडे बाईंचे अन्न तुटत चालले होते, वजन उतरत होते.

पहिल्या नातलगाचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये असतात. जेनिस्टीन हे त्यांतले प्रमुख. त्याची घडण इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाशी थोडीफार जुळते, आणि स्तनाचे पुष्कळसे कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसले जातात. पेशीत इस्ट्रोजेनला बसण्याच्या ठरलेल्या जागा असतात, तेथे जेनिस्टीनही जाऊन बसते. पण त्याचा जोर फार कमी. एस.टी.च्या खिडकीतून आपण जागेवर रुमाल टाकतो, तसे काहीसे समजा. जागा अडते, पण रुमाल म्हणजे प्रवासी नव्हे. काही पेशींत तो थोडे काम करतो, काही ठिकाणी खऱ्या प्रवाशालाच बसू देत नाही. नुसता तर्क चालवून यातून पुढे काय होईल ते ठरविता येत नाही.

भीती पसरली ती उंदरांवरील प्रयोगांवरून. प्रतिकारशक्ती नसलेल्या, अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांच्या अंगात माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी घातल्या आणि त्यांना जेनिस्टीन चारले, तेव्हा गाठी वाढल्या. प्रयोग खोटा नव्हता. पण उंदराचे शरीर ही द्रव्ये आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने पचविते. त्याच्या रक्तात मोकळे जेनिस्टीन माणसाच्या मानाने बरेच अधिक राहते. तेव्हा प्रश्न माणसांनाच विचारावयास हवा होता.

तो शांघायमध्ये विचारला गेला. तेथे सोयाबीन रोजच्या जेवणात असते. स्तनाचा कर्करोग झालेल्या ५,०४२ स्त्रियांची खाण्याची माहिती घेऊन त्यांच्या प्रकृतीची सुमारे चार वर्षे नोंद ठेवली. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत कमी सोयाबीन खाणाऱ्या गटात चार वर्षांत शंभरात १०.३ मृत्यू, सर्वांत अधिक खाणाऱ्या गटात ७.४. रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ११.२ आणि ८. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोघींतही कल हाच. दिवसाला सोयाबीनची सुमारे ११ ग्रॅम प्रथिने पोटात गेली की त्यापुढे जास्त खाऊन अधिक लाभ दिसला नाही. २०१२ साली चीन आणि अमेरिकेतील साडेनऊ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हाही अपाय आढळला नाही.

मग सोयाबीन हे औषधच झाले की! नाही. येथे आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण देतो. १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह केले आणि कोणत्या समूहात कोणती तपासणी करावयाची, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, हे २००९ साली जगापुढे आले. या जिल्ह्याच्या बायाबापड्यांनी जगाच्या वैद्यकाला शिकविले, याची आपल्याकडे कोणाला फारशी आठवण नाही! शांघायमध्ये मात्र चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. जिने जास्त सोयाबीन खाल्ले ती कदाचित एरवीही नीट जेवणारी असेल. शिवाय त्या लहानपणापासून ते खात आल्या होत्या. म्हणून ‘अपाय दिसत नाही’ हे मी भरवशाने सांगतो. ‘याने बरे व्हाल’ असे सांगणार नाही.

तोंडाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगात तर हा संप्रेरकाचा प्रश्न मुख्यतः उद्भवतच नाही. तेथे अडचण गिळण्याची असते, आणि पातळ, प्रथिनयुक्त अन्नाची फार गरज असते. उपचार चालू असलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिने हवीत. ५० किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. ज्या घरी मांसमच्छी चालत नाही आणि दूध डेअरीत जाते, तेथे ती आणावयाची कोठून? सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत निम्मा भाग प्रथिनेच असतात.

गोळ्यांची गोष्ट निराळी. अर्क काढून भरलेले द्रव्य अन्नाच्या अनेक पट होऊ शकते, आणि शांघायच्या बायकांनी खाल्ले ते अन्न होते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही सोयाबीनचे पदार्थ खाण्यास हरकत घेत नाही, पण अर्काच्या गोळ्यांबाबत सावध करते. दाणा कच्चा खाऊ नये, नीट शिजवावा किंवा भाजावा. कच्च्यात प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे. ज्यांना सोयाबीन अंगावर उठते त्यांनी अर्थातच त्याच्या वाटेला जाऊ नये.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या, असेही म्हटले. डॉक्टरांचे मत तेच पडले. नऊ किलो गव्हाला एक किलो भाजलेले सोयाबीन, असे जुने दळण पुन्हा सुरू झाले; वड्या बारीक करून वरणात घालू लागले, कारण बाईंना त्या चावून खाण्याचा कंटाळा येई. गोळ्यांचा डबा घेऊन ते दुकानात गेले होते. सील फोडल्यावर माल परत घेत नाही, असे उत्तर मिळाले.