यंत्र काय मोजत होतं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



कवी माणूस बंदुकीच्या गोळीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं वाटणं साहजिक आहे. मी बी.ए. झालेला माणूस. मोजण्याशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. पण गेल्या मार्चमध्ये एका छोट्या यंत्रानं माझ्या बहिणीच्या घराची झोप उडवली होती. त्याची ही गोष्ट.

माझी भाची कॉलेजात आहे आणि पन्नास मीटर रायफलचा सराव करते. आमच्या कोल्हापूर भागात हे वेड नवं नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक आणलं, तेव्हा तर गल्लीगल्लीतल्या पोरांना आपण रायफल धरावी असं वाटू लागलं. पण हा खेळ महाग. पॉइंट बावीसची स्पर्धेच्या दर्जाची काडतुसं परदेशातून येतात. शिवाय एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस असलं, तरी एका लॉटचा स्वभाव दुसऱ्या लॉटला नसतो. म्हणून आपल्या रायफलला मानवणारा लॉट सापडला, की तोच जमेल तेवढा घेऊन ठेवतात. आमच्या मेहुण्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि एका लॉटची काडतुसं भरून ठेवली.

राज्य स्पर्धेला पंधरा दिवस उरले असताना रेंजवर कुणीतरी क्रोनोग्राफ आणला. क्रोनोग्राफ म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. त्यात एकापुढे एक अशा दोन खिडक्या असतात. दोघींमधलं अंतर सुमारे साठ सेंटिमीटर. वर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कमानी, खाली प्रकाश ओळखणारे डोळे. गोळीची सावली पहिल्या डोळ्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. सेकंदाला सव्वातीनशे मीटर जाणारी गोळी हे अंतर सेकंदाच्या दोन हजारांशांहूनही कमी वेळात कापते. अंतराला वेळेनं भागलं की वेग आला.

कल्पना जुनी आहे. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं गोळीच्या वेगाबद्दल ग्रंथ लिहिला. त्याच्याकडे वीज नव्हती, इतकं बारीक घड्याळही नव्हतं. त्यानं लाकडाचा जड ठोकळा टांगला आणि त्यावर गोळी झाडली. ठोकळा किती मागे गेला, हे त्याला बांधलेली फीत किती ओढली गेली यावरून मोजलं आणि त्यातून वेग काढला. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आपल्याकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. नंतर एकोणिसाव्या शतकात ल बूलांजे या बेल्जियन अधिकाऱ्यानं तारा तोडून वेग मोजणारं विजेचं यंत्र केलं. आता सावलीचे डोळे आले, रडारही आलं.

तर भाचीनं दहा गोळ्या झाडल्या. आकडे आले ते असे : ३२४, ३४८, ३२६, मग नुसतंच 'एरर', मग ३४७, ३२२, ३४९... चांगल्या काडतुसांचा वेग सात-आठ, फार तर दहा मीटरच्या आत राहायला हवा. इथं सत्तावीसचा फरक! कुणी म्हणालं लॉट खराब, कुणी म्हणालं नळी गेली. रात्री मेहुण्यांचा फोन आला, "भाईजान, काडतुसं निम्म्या भावात कुणी घेईल का?" मागून बहिणीचा आवाज येत होता. भाची मात्र बोलायला तयार नव्हती. स्पर्धेआधी खेळाडूचा हत्यारावरचा विश्वास गेला, तर काय उरतं?

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर रेंजवर गेलो. तिथं दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका येत असतात. मला सगळं ऐकून घेतल्यावर राहवलं नाही. मी विचारलं, "काका, या गोळ्या इतक्या पुढं-मागं धावत असतील, तर कागदावर दिसायला नको का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कविराज, प्रश्न सरळ आहे. कालचा कागद आहे का, पोरी?"

तिनं बॅगेतून कागद काढला. त्याच दहा गोळ्या. सगळी भोकं जुन्या चार आण्याच्या नाण्याखाली झाकली जातील एवढ्या जागेत, आणि घोळका गोल.

काकांनी हिशेब मांडला. पन्नास मीटर जाईपर्यंत ही गोळी साधारण बारा सेंटिमीटर खाली येते. वेग कमी असेल तर वाटेत वेळ जास्त, म्हणून ती जास्त खाली येणार. ३२२ आणि ३४९ यांच्यात जो फरक आहे, त्यानं दोन गोळ्यांमध्ये सुमारे दोन सेंटिमीटरचं उभं अंतर पडायला हवं. त्यात नेमबाजाच्या हाताचा फरक मिळवला, तर भोकांचा घोळका उभट, लांबोडका दिसायला हवा. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं. दोन सेंटिमीटर लपणार कुठं?

"कागद खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "आता यंत्राला विचारू."

मग त्यांनी आकड्यांची वही मागितली. "ही दोन टोळकी आहेत बघ. एक ३२२ ते ३२८चं, एक ३४७ ते ३४९चं. मधे कुणीच नाही. खराब काडतूस असं ठरवून दोनच जागी बसत नाही. काल दुपारी ऊन किती होतं?"

भाची म्हणाली, "शेडमधल्या तापमापीवर अठ्ठावीस."

काकांनी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं. शून्य अंशाला हवेतून आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो. प्रत्येक अंशाला ०.६ वाढवायचे. अठ्ठावीस अंशांना ३४७.८.

श्रोतेहो, माझ्या अंगावर काटा आला. यंत्र निम्म्या वेळा गोळीचा वेग मोजतच नव्हतं. ते बाराचा, म्हणजे बंदुकीच्या आवाजाचा वेग मोजत होतं! ही गोळी आवाजापेक्षा सावकाश जाते. बार झाला की नळीच्या तोंडातून निघालेला हवेचा दणका गोळीच्या पुढे पळतो. यंत्र नळीपासून जेमतेम एक मीटरवर ठेवलेलं. दणक्यानं दोन्ही डोळे एकामागून एक फसायचे आणि आकडा यायचा आवाजाचा.

दुरुस्तीची काकांची एक शिस्त होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा गोळ्या झाडायच्या, लिहायचं, मग पुढची. आणि यंत्राला हात लावण्याआधी दर वेळी रायफलचा बोल्ट उघडा, चेंबरमध्ये झेंडी, सगळे मागे. यात सूट नाही.

आधी बॅटरी बदलली, कारण उतरलेली बॅटरी वाटेल ते आकडे दाखवते. काही फरक पडला नाही. मग दोरी ताणून पाहिलं, की गोळी दोन्ही खिडक्यांच्या मधोमध, सारख्या उंचीवरून जाते का. जात होती. मग यंत्र नळीपासून चार मीटर पुढे नेलं. ३४८ची टोळी जवळजवळ पांगली, एकच आकडा उरला. मग मधे प्लायवुडची फळी उभी केली. गोळी जाईल एवढं मोठं भोक तिला होतं, पण दणका अडत होता. तो एकही गेला.

राहिला 'एरर'. तो दर आठ-दहा गोळ्यांत एकदा यायचाच. काकांनी वर बोट दाखवलं. शेडमध्ये चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइट. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण यंत्राच्या डोळ्यांना कळतं. त्या लुकलुकण्यात एखाद्या गोळीची सावली हरवून जाते. ट्यूब बंद केल्या, दोन्ही खिडक्यांवर सारखे पिवळे बल्ब लावले. बल्बची तार तापलेली राहते, म्हणून त्याचा उजेड एवढा हलत नाही. 'एरर' थांबला. उघड्या मैदानात असतं, तर तिरकं ऊनही पाहावं लागलं असतं. चकचकीत गोळीवर ते चमकलं, की सावलीऐवजी झळाळी येते आणि डोळा गोंधळतो. नव्या रडारच्या यंत्रांना उजेडाची अडचण नाही, पण शेजारच्या लेनमधल्या गोळीचा वेग आपल्या नावावर चढणार नाही ना, हे तिथंही पाहावं लागतं.

शेवटच्या दहा गोळ्यांचे आकडे ३२२ ते ३३१. नऊ मीटरचा फरक. म्हणजे लॉट चांगला होता, नळी ठणठणीत होती. भाचीनं वही मिटली आणि घरी फोन लावला. "अब्बा, काडतुसं विकू नका."

तुम्ही विचाराल, स्पर्धेचं काय झालं? त्या वेळी तिची निवड झाली नाही, थोडक्यात हुकली. मी घ्यायला गेलो, तेव्हा ती रायफल पेटीत ठेवत होती. मला वाटलं, आता पुन्हा काडतुसांचं, नळीचं काढणार. ती म्हणाली, "मामू, गोळ्या बरोबर होत्या. शेवटच्या सिरीजला मीच घाई केली."

हे तिला ठामपणे सांगता आलं, ते त्या दुपारमुळं. यंत्राची शंका फेडली नसती, तर हरल्याचा दोष तिनं आयुष्यभर एका पेटीवर टाकला असता, आणि तिच्या वडिलांनी कर्जावर. आता चूक कुठं आहे ते तिला माहीत आहे, आणि माहीत असलेली चूक सुधारता येते. ती पुन्हा सरावाला लागली आहे. त्या लॉटची काडतुसं अजून शिल्लक आहेत.