बिबट्या वस्तीत का येतो?

बिबट्या दिसल्याची बातमी आली की गटाच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला: "ताई, जंगलात त्याला खायला नाही का?"

आहे ना! बोरिवलीपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरलेलं आमचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आत चितळ आहेत, सांबर आहेत. पण उद्यानाच्या कडेला वस्त्या आहेत आणि वस्तीत उघडा कचरा. कचऱ्यावर कुत्री पोसतात. चितळापेक्षा कुत्रं धरणं सोपं. कोण कोणाला खाऊन जगतं, त्या क्रमाला अन्नसाखळी म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ती गवतापासून सुरू होते: गवत, हरीण, बिबट्या. आमच्या गल्लीतली उष्ट्या भातापासून सुरू होते.

दुसरा शब्द अधिवास. अन्न, पाणी आणि लपायला जागा मिळते, तो प्राण्याचा अधिवास. बिबट्याला त्यासाठी दाट जंगलच लागतं असं नाही. जुन्नरकडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको, तिथे उसातच मादी पिल्लं घालते. उसात आडोसा, पाटाला पाणी, आणि जवळच शेळ्या-कुत्री.

२००४ साली आमच्या उद्यानाभोवती बिबट्याच्या हल्ल्यांत बरीच माणसं गेली. अशा वेळी लोक पिंजरा मागतात. घरातलं लेकरू गेलेल्या आईला कोणी शहाणपण शिकवू नये. पण बिबट्या आपली हद्द राखून असतो. एक उचलला की रिकाम्या जागी दुसरा येतो, आणि नेऊन सोडलेला अनोळखी मुलखात भरकटतो. माणसावर हल्ला करणाऱ्याला पकडावंच लागतं. नुसता दिसला म्हणून पिंजरा लावल्यानं मात्र प्रश्न सुटत नाही.

अंधारात उघड्यावर बसलेली बाई किंवा मूल त्याला लहान जनावरासारखं दिसतं. म्हणून दाराजवळ संडास, वाटेवर दिवा आणि कचरा वेळेवर उचलणं, या मागण्या ग्रामसभेत आपणच लावून धरायच्या. पुरुषमंडळींना त्या क्षुल्लक वाटतात, वाटू देत.

शेवटचा शब्द परिसंस्था: झाडं, माती, पाणी, प्राणी यांचा एकमेकांशी चालणारा व्यवहार. तुळशी आणि विहार हे तलाव याच जंगलात आहेत, त्यांचं पाणी मुंबई पिते. झाडं माती धरून ठेवतात, म्हणून तलाव लवकर गाळानं भरत नाहीत.

बिबट्या दिसलाच तर घेरू नका, मागे धावू नका, मोबाईल घेऊन गर्दी करू नका. लेकरांना जवळ घ्या आणि वनविभागाला १९२६ या नंबरवर फोन लावा.