उजव्या पायाचा गियर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे, टाळ्या आणि मधली शेरेबाजी तेवढी काढली आहे.)



कमिटीनं मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘माझी बुलेट आणि आपली सोसायटी’. विषय सोपा आहे. पण गेले तीन महिने सकाळी पार्किंगमधून बुलेटचा आवाज येत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. दोघा-तिघांनी जिन्यात विचारलं, बिघडली का? एकानं तर विचारलं, विकली का? बिघडली नाही, विकलीही नाही. त्याचा खुलासा आज सगळ्यांसमोर करायचाय, म्हणून विषय थोडा सरकवतो. रागावू नका.

बुलेट मी १९९४ साली घेतली, एमएच ०६ नंबरची. तेव्हा धाटावच्या कारखान्यात शिफ्टला होतो. रात्रपाळी सुटली की सकाळी सातला धडधडत घरी यायचो. २००० साली आपण सगळे इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगला रेघा मारलेल्या नव्हत्या, कोपऱ्यात वाळूचा ढीग होता आणि त्या ढिगाशेजारी पहिली लागलेली गाडी ही होती. २००१ चा आपला पहिला गणपती पेणहून याच गाडीवरून आला. मूर्ती लहान होती, तेव्हा वर्गणीही लहान होती. आमची सौ. मूर्ती मांडीवर घेऊन मागे बसली आणि मी पेण ते रोहा वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. २६ जुलै २००५ च्या रात्री पार्किंगमध्ये पाणी भरायला लागलं तेव्हा ए विंगच्या चौघांनी ही गाडी उचलून पहिल्या जिन्याच्या मधल्या चौकात नेऊन ठेवली. दीडशे किलोच्या वरची गाडी! त्या चौघांपैकी दोघं आज इथे बसलेत, एकाची कंबर त्या रात्रीपासून धरते असं ते म्हणतात. मी मान्य केलेलं नाही.

आता मुलांसाठी थोडं तांत्रिक सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. या बुलेटला बटण नाही, किक आहे. चावी फिरवायची, अँमीटरचा काटा बघायचा, डिकॉम्प्रेसरचा खटका दाबून किक हळूहळू खाली न्यायची, काटा मधोमध आला की खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, पूर्ण वजन टाकून मारायची. चुकलं तर किक उलटी येते आणि पोटरीवर अशी बसते की आठवडाभर जिना चढताना आठवण राहते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या गाडीचा गियर उजव्या पायाला आहे आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. पहिला गियर वर उचलायचा, बाकीचे तीन खाली दाबायचे. आज रस्त्यावर ज्या मोटारसायकली दिसतात त्यांचं बरोबर उलटं: गियर डावीकडे, ब्रेक उजवीकडे, आणि बऱ्याच गाड्यांत पहिला खाली, बाकीचे वर. बुलेट मूळची इंग्लंडची, १९५५ पासून मद्रासला बनायला लागली, आणि इंग्लंडच्या जुन्या गाड्यांचं वळण असंच होतं. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेनं नियम केला की गियर डावीकडेच हवा, मग जगभरचे कारखानदार तिकडे वळले. आपल्याकडची बुलेट मात्र त्यानंतरही बरीच वर्षं जुन्या वळणावर राहिली. मी ती चालवत राहिलो, एकतीस वर्षं. दुसरी मोटारसायकल मी कधी हातात घेतलीच नाही. लागली कधी तर स्कूटर, तिचा गियर हाताला.

मग नवी गाडी कशाला? तर आमचं एक जुनं राहून गेलेलं काम आहे. रेवस ते रेडी, समुद्राच्या कडेकडेनं, आपल्या रायगडपासून सिंधुदुर्गाच्या टोकापर्यंत. मध्ये खाड्या येतात, तिथे गाडी फेरीबोटीत घालायची: आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. २००८ मध्ये निघालो होतो. धोपाव्याला उतरून गुहागरपर्यंत गेलो आणि क्लच वायर तुटली. चूक माझी, निघण्याआधी वायर बदलायची हे माहीत असून बदलली नव्हती. बिनक्लचचा कसाबसा बाजारापर्यंत आलो, वायर मिळाली, पण सुट्टी संपली होती. तिथूनच मागे फिरलो. तेव्हापासून घरात कुठलंही काम अर्धवट राहिलं की सौ. म्हणते, “गुहागर झालं.” रिटायर झाल्यावर तिनंच विषय काढला. म्हणाली, रेडीला जायचं, पण या गाडीवर नाही, माझी पाठ आता ती धडधड सोसणार नाही.

म्हणून गेल्या डिसेंबरात नवी हिमालयन चालवून बघायचं ठरवलं, चारशे पन्नासवाली. शोरूमचा मुलगा गाडी घेऊन आपल्या गेटशी आला. वय असेल तेवीस-चोवीस, मला ‘काका’ म्हणत होता आणि मनात ‘आजोबा’ म्हणत असणार. त्यानं आकडे सांगितले. माझ्या बुलेटचं इंजिन ३४६ सीसी, ताकद १८ हॉर्सपॉवर. हिचं ४५२ सीसी आणि ताकद ४०. म्हणजे सीसी पावपट-तीसटक्के जास्त आणि ताकद दुपटीच्या वर. इंजिन पाण्यानं थंड होतं, पुढे रेडिएटर आहे. सहा गियर. टाकी सतरा लिटरची. वजन १९६ किलो. तिला जिन्यावर चढवायचं तर आठ जण लागतील, आणि आपल्या ए विंगमध्ये आता तेवढे धडधाकट राहिले नाहीत. समोर गोल पडदा, त्यात मोबाईलचा नकाशा दिसतो. मी त्याला म्हटलं, बाळा, मला रोह्यात नकाशा कशाला? तो म्हणाला, काका, रेडीला लागेल. बरोबर होतं त्याचं.

बसायला उंच आहे. सीट ८२५ मिलिमीटर, माझे दोन्ही चवडे टेकले, टाचा नाही टेकल्या. पण बसल्यावर पाठ सरळ, हात मोकळे, आणि पुढे बघितलं की रस्ता असा लांबवर दिसतो की आपण पाच वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटतं. दहा म्हणत नाही, खोटं कशाला बोला.

बेत असा ठरला: मुलगा मागे बसणार, धाटाववरून कोलाड, तिथून हायवेनं सुकेळी खिंड चढून नागोठणे, आणि भिसे खिंडीतून परत रोहा. आल्यावर सौ.ला मागे बसवून नदीपर्यंत एक फेरी. ती पदर खोचून, हेल्मेट हातात घेऊन पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसली होती.

गेटबाहेर पडलो आणि तिथूनच गंमत सुरू झाली. पहिल्यावरून दुसरा टाकायचा म्हणून क्लच दाबला आणि सवयीनं उजवा पाय खाली दाबला. गियर नव्हता तिथे, ब्रेक होता. गाडी अडखळली, मुलाचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. “काका, ब्रेक लागतोय.” मी म्हटलं, हो रे, बघितला कसा आहे. धाटाव येईपर्यंत हे चार वेळा झालं. तिथल्या स्पीडब्रेकरवर उलटं: थांबायला डावा पाय दाबला, तर ब्रेकऐवजी गियर एक खाली पडला. मी मोठ्यानं म्हणायला लागलो, “डावा वर, डावा वर”, शाखेतल्या मुलाला शिकवावं तसं.

कोलाडनंतर जमलं. एकदा सहावा पडला की पायाला कामच नसतं. हायवेचं काम किती वर्षं चाललंय ते तुम्हाला सांगायला नको, खड्डे मला तोंडपाठ आहेत. पण ही गाडी त्या खड्ड्यांवरून गेली आणि मला फक्त कळलं की खड्डा होता. सुकेळीच्या चढाला माझी बुलेट तिसऱ्यावर येते आणि कण्हते. आम्हीही तिच्याबरोबर पुढे वाकतो. ही पाचव्यावर, बोलता बोलता चढली. वर पोचलो तेव्हा मी मुलाला म्हटलं, बाबा रे, एकतीस वर्षं मी या खिंडीला उगाच घाबरलो.

एक सांगतो, मन थोडं खट्टूही झालं. बुलेटचं टॅपेट सेटिंग मी रस्त्याच्या कडेला दोन पान्यांनी केलेलं आहे. हिचं झाकण मला उघडताही येणार नाही. इंजिनाचा आवाज चांगला आहे, पण तो आवाज ऐकून काय दुखतंय ते मला ओळखता येणार नाही. असो.

नागोठण्याहून भिसे खिंड उतरून आलो तोवर मी स्वतःवर खूश होतो. मनात रंगसुद्धा ठरला होता. आता यापुढचं मी आजवर दोनच घरात सांगितलंय.

संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. आपल्या गेटमधून आत वळलो, दुसऱ्या गियरवर, वेग काही फार नाही. पण इथे आलो की माझं डोकं बंद होतं आणि पाय घरी पोचतात. रोजची जागा, रोजचं वळण. डावीकडून चेंडू आला, आणि चेंडूच्या मागे मुलगा. मी डावा पाय दाबला. पूर्ण ताकदीनं दाबला, एकतीस वर्षं दाबला तसा. गियर पहिल्यावर पडला, इंजिन ओरडलं, हिसका बसला, आणि गाडी पुढेच. मी आणखी जोरात डावा पाय दाबला! हाताचा ब्रेक कधी लावला ते मला आठवत नाही. बुलेटचा पुढचा ड्रम ब्रेक नावालाच, म्हणून हातावर माझा कधी भरवसा नव्हता. हिच्या दोन्ही चाकांना डिस्क आहे आणि एबीएस आहे. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे, म्हणजे कचकन ब्रेक लावला तरी चाक जाम होत नाही. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मुलगा आणि पुढचं चाक यांच्यात या माईकच्या स्टँडएवढं अंतर होतं.

त्याचं नाव सांगत नाही. तो आत्ता समोर बसलाय आणि हसतोय. त्यानं चेंडू उचलला आणि “सॉरी आजोबा” म्हणून पळाला. चूक माझी आणि सॉरी तो म्हणाला. त्याच्या आई-वडिलांना त्याच रात्री जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी मला चहा दिला, तो मला गिळवेना.

शोरूमचा मुलगा खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी बिचारा म्हणाला, “होतं काका, सवय होईल.” मी चावी त्याच्या हातात दिली. सौ. खुर्चीवरून उठली होती. तिनं सगळं बघितलं होतं. हेल्मेट परत घरात ठेवून आली आणि एवढंच म्हणाली, “गाडीत काही खोट नाही. आधी पायांना शिकवा.”

दोन दिवस मी गप्प होतो. मग हिशेब मांडला. ज्या पायांनी इथे, आपल्या गेटमध्ये, डोळ्यांसमोर मूल दिसत असताना चूक केली, ते पाय सौ.ला मागे बसवून घाटात नेण्याच्या लायकीचे नाहीत. आणि बुलेट चालू ठेवून नवी शिकता येणार नाही, कारण सकाळी बुलेटवर गेलो की संध्याकाळी पाय पुन्हा जुन्या घरी. म्हणून बुलेटवर कव्हर घातलं. बी विंगच्या एका सभासदांनी त्यांची शंभर सीसीची साधी गाडी रोज सकाळी तासभर वापरायला दिली, पेट्रोलचे पैसे घेत नाहीत, त्यांचे आभार मानतो. साडेसहाला निघतो, नदीच्या रस्त्यानं जाऊन येतो.

कारखान्यात लॉगबुक भरायची सवय, तशी इथेही वही ठेवली आहे. पाय चुकला की एक रेघ. पहिल्या आठवड्यात सदतीस रेघा. दुसऱ्यात बावीस. सहाव्यात चार. गेल्या आठवड्यात एक, आणि ती नेमकी कुत्रं आडवं आलं तेव्हाची. म्हणजे घाबरलो की पाय अजून जुनाच आहे. ती एक रेघ सलग चार आठवडे आली नाही तर बुकिंग करायचं, असं घरात ठरलंय. वही सौ.कडे असते.

बुलेटचं काय करायचं, यावर मात्र आमचं जमत नाही. मी म्हणतो विकावी, दोन उलट्या गाड्या एका घरात नकोत. ती म्हणते, गणपती जिच्यावरून आणला ती विकायची नाही. गेल्या वर्षी पेणला आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग केलंय, हरित कर भरलाय, २०२९ पर्यंत कागद चालतात. तोवर भांडायला वेळ आहे.

जाता जाता दोन गोष्टी. गेटच्या आत, वळण संपतं तिथे, एक स्पीडब्रेकर घालावा असा अर्ज मी कमिटीला दिलाय. अर्जदाराचं नाव वाचून सेक्रेटरी हसले, पण अर्ज पुढच्या मासिक सभेत घ्या. आणि बालमंडळी, तुमचे स्टंप आजपासून गेटच्या बाजूला नाही, मागच्या टाकीच्या बाजूला लावायचे. तिथली माझी जुनी सायकल मी उद्या सकाळी उचलतो.