कौलानंतरची राखण
(खारेपाटातील कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे वर्ष आले की आपल्याकडील वृत्तपत्रांचे रकाने तिकडच्या प्रचाराने भरून जातात. २००८ साल तसेच होते. जानेवारीच्या ३ तारखेला आयोवा राज्यातील गावोगावच्या पक्षसभांपासून सुरू झालेली ती मोहीम ४ नोव्हेंबरला बराक ओबामा यांच्या विजयाने संपली. शिकागोच्या गरीब वस्त्यांत लोकसंघटनेचे काम केलेला एक तरुण राष्ट्राध्यक्ष होतो, हजारो स्वयंसेवक घरोघरी जाऊन दारे ठोठावतात, सामान्य माणसे पाच-दहा डॉलरांची वर्गणी देतात, याचे कौतुक आपणही केले. ते गैर नव्हते. परंतु त्याच वर्षी, त्या निकालाच्या सहा आठवडे आधी, आपल्या पेण तालुक्यात एक मतदान झाले. त्याची आठवण आज किती जणांना आहे?

ता. २१ सप्टेंबर २००८, रविवार. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा उलटला होता. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतले होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांमध्ये शासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी तुमची जमीन द्यावयाची की नाही, एवढाच प्रश्न होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याचा आधार घेऊन रिलायन्स उद्योगसमूहाने आखलेला हा प्रकल्प उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील ४५ गावांवर, सुमारे १० हजार हेक्टर जमिनीवर पसरावयाचा होता. एका खाजगी प्रकल्पाला जमीन देण्याबाबत सरकारनेच शेतकऱ्यांना मत विचारावे, ही या देशात तोवर न घडलेली गोष्ट होती.

हे मतदान सरकारच्या औदार्यातून झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. त्यामागे दोन-अडीच वर्षांची चळवळ होती. प्रा. एन. डी. पाटील वयाची पंचाहत्तरी उलटल्यावरही गावोगाव फिरत होते. उल्का महाजन आणि त्यांचे सहकारी संपादनाच्या नोटिशीचा अर्थ लोकांना साध्या भाषेत समजावून देत होते. नोटीस आली की मुदतीत हरकत नोंदवावयाची, सातबारा काढून ठेवावयाचा, ग्रामसभेत ठराव करून त्याची नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवावयाची आणि मग मोर्चा काढावयाचा, असा तो क्रम होता. अमेरिकेतील स्वयंसेवकाच्या हाती मतदारांची संगणकावरील यादी होती. आपल्या कार्यकर्त्याच्या हाती सातबाऱ्याच्या छायाप्रतींची पिशवी होती. दार ठोठावण्याचे काम मात्र दोघांनाही सारखेच करावे लागले. ते चुकवून कोणतीही लोकशाही आजवर उभी राहिलेली नाही.

कौल विरोधात गेला, हे कोणापासून लपून राहिले नाही. पुढे काय झाले? शासनाने तो निर्णय म्हणून स्वीकारण्याची तत्परता दाखविली नाही. कारण सरळ होते: या मतदानाला कायद्याचे बंधन नव्हते. सरकारने मत विचारले, पण ते मानण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली नाही. प्रकल्प अखेर अडला तो जुन्या कायद्याच्या एका कलमात. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील कलम ११-अ प्रमाणे, घोषणेपासून दोन वर्षांच्या आत निवाडा झाला नाही तर संपादनाची कारवाईच संपुष्टात येते. २००९ साली ती मुदत उलटली. ही दोन वर्षे उलटेपर्यंत गावे फुटली नाहीत, सभा थांबल्या नाहीत, हरकती मागे घेतल्या गेल्या नाहीत, म्हणूनच ते कलम उपयोगी पडले. एका रविवारच्या मतदानाने जमीन वाचली नाही. मतदानाच्या आधी आणि नंतर जी माणसे जागी राहिली, त्यांनी ती वाचविली.

खारेपाटातील माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. खाडीवरचा बाहेरकाठा एकदा बांधला म्हणजे शेती सुरक्षित झाली, असे आपण कधी मानीत नाही. दर उधाणाला कोणीतरी बांधावर जावे लागते. खेकड्याने पाडलेले एवढेसे भोक वेळेवर बुजविले नाही तर त्याची खांड होते, आणि एका रात्रीत खारे पाणी गावाच्या शेतात शिरते. पुढली काही वर्षे तेथे भात होत नाही. लोकांच्या कौलाचेही तसेच आहे. तो देणे हे बांध घालण्याचे काम. त्याची राखण हे दुसरे काम, आणि ते अधिक कष्टाचे.

आपल्याच राज्यात लोकांच्या मताला कायद्याचे बळ दिल्याचे एक उदाहरण आहे. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी होणारे ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदान आपण सर्व जाणतो. यादीतील एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद करावे लागते. अट कडक आहे. घरी राहिलेली प्रत्येक स्त्री जणू दुकानाच्या बाजूने मोजली जाते. तरीही अनेक गावांतील स्त्रियांनी ही अट पार केली. मग मी विचारतो, दारूच्या दुकानाबद्दल गावाचे मत बंधनकारक ठरू शकते, तर गावाच्या जमिनीबद्दल ते केवळ सल्ल्यापुरते का राहावे?

त्या कौलातील एक उणीवही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या घरातली आहे. मत विचारले गेले ते ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना. त्या जमिनीवर राबणारा मजूर, बांधावर आणि वीटभट्टीवर काम करणारा कातकरी, खाडीत जाळे टाकणारा कोळी, मिठागरातला कामगार यांचे नाव सातबाऱ्यावर नसते. जमीन गेली असती तर त्यांचेही पोट गेले असते. नुकसानभरपाई मात्र त्यांच्या वाट्याला आली नसती. गावाचा कौल म्हणताना गाव म्हणजे कोण, हा प्रश्न समाजवाद्यांनी तरी टाळता कामा नये.

राखणीची ही परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. २५ गावे त्या संपात उतरली आणि तो १९३९ पर्यंत चालला. हाती सत्ता नाही, विधिमंडळात आवाज नाही, घरात धान्य नाही, अशा स्थितीत त्या कुळांनी वर्षामागून वर्षे काढली. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. पण १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली आला. चरीच्या शेतकऱ्यांनी मतपेटी न पाहताच आपला कौल दिला होता. तो कायद्यात उतरावयास १६ वर्षे लागली, आणि त्यांतील पहिली सहा वर्षे त्यांनी उपाशी राहून तो राखला.

आता पुन्हा अमेरिकेकडे पाहू. २००८ च्या मोहिमेत ओबामांकडे सुमारे ७५ कोटी डॉलर जमा झाले. १९७६ पासून चालत आलेली, सार्वजनिक निधीतून प्रचार करण्याची व्यवस्था त्यांनी नाकारली. निवडणूक संपल्यावर स्वयंसेवकांची ती प्रचंड संघटना पक्षाच्या कार्यालयाला जोडण्यात आली आणि हळूहळू थंडावली. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील बहुमत गमावले. ती संघटना एका माणसाला निवडून देण्यासाठी बांधली होती. तो निवडून आला आणि तिचे काम सरले. पुढे २०२४ च्या निवडणुकीत तर एका धनाढ्य उद्योगपतीने, आपल्या अर्जावर सही करणाऱ्या मतदारांतून रोज एकाला दहा लाख डॉलर देण्याची घोषणा केली. मतदानाच्या आदल्या रात्री वाटल्या जाणाऱ्या पाकिटांची माहिती असलेल्या आपल्या मतदाराला यात नवल वाटावयाचे कारण नाही. रक्कम मोठी, रीत जुनीच.

मित्रहो, हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, आणि त्याच वर्षी शासनाने उरण, पनवेल व पेण या तीन तालुक्यांतील १२४ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. क्षेत्र ३२३ चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे ३२ हजार हेक्टरांवर. २००८ च्या प्रकल्पाच्या तिपटीहून जास्त. तालुके तेच. गावागावांतून हरकती गेल्या आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि भागीदारीतील प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक मानली आहे. पण शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट नाही, आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी दुरुस्त्या करून कायद्याच्या अटी सैल केल्या आहेत. तेव्हा या वेळी कोणी आपणांस विचारावयास येईल, या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

मग करावे काय? मोठ्या घोषणांपेक्षा मी तीन लहान कामे सांगतो. पहिले काम ग्रामसभेचे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सभांना शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. मूठभर माणसे मग गावाच्या नावाने ठराव करून मोकळी होतात. तेव्हा पहिल्याच सभेला शंभर माणसे बसवा, आणि ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात हाती घ्या. दुसरे काम नोंदीचे. भूमिहीन, कोळी, कातकरी यांची यादी गावाने स्वतः तयार करावी आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी, म्हणजे बाधित कोण हे फक्त सातबारा ठरविणार नाही. तिसरे काम मागणीचे. गावाची जमीन ज्यात जाणार आहे अशा प्रत्येक प्रकल्पावर गावाचे मत घेणे आणि ते मानणे शासनावर बंधनकारक करणारा कायदा झाला पाहिजे. मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, हा प्रश्न भर सभेत विचारा, आणि त्याने दिलेले उत्तर लिहून ठेवा.

निवडणुका येतील आणि जातील. झेंडे उतरतील, भोंगे थांबतील. त्यानंतर ज्या गावात दरमहा दहा माणसे चावडीवर बसून कागद तपासतील, त्या गावाला डावलून निर्णय घेणे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही. ती दहा माणसे आपल्या गावात कोण असतील, हे आज घरी जाण्यापूर्वी ठरवावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.