संग्रहालय : बालकांच्या दृष्टीतून



मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये बालसंग्रहालय सुरू केले. तेथील प्रदर्शनासाठी वस्तू निवडण्यात शाळकरी मुलांचाच वाटा होता. आपल्या परिसरास हा विचार परका नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र बोर्डीहून कोसबाडला आणले. मूल शाळेत येईना, तेव्हा त्यांनी शाळाच अंगणात आणि कुरणात नेली.

सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या पोथ्या व वस्तूंचे दालन उभारण्याचा विचार आपल्यापुढे आहे. माझी नम्र विनंती अशी, की नकाशा काढण्यापूर्वी डहाणू-तलासरीच्या मुलांना, आश्रमशाळांतील वारली मुलांनाही विचारावे. त्यांच्या घरचा तारपा आपल्या पोथ्यांशेजारी का असू नये?

आपण व्यापारी माणसे. गिऱ्हाइकाचा हात कापडाला लागल्याविना ठाण विकले जात नाही, हे आपण जाणतो. जीर्ण पोथी हाताळू देता येणार नाही, हे खरे. परंतु बोरूने तिच्यातील अक्षर गिरवू देता येईल.

मात्र विचारले, तर ऐकावेही लागेल. दात्यांच्या नामफलकांसाठी राखलेली भिंत मुलांनी चित्रांसाठी मागितली, तर ती आनंदाने द्यावी. अपरिग्रह केवळ धनाचा नसतो, नावाचाही असतो. सत्याच्या अनेक बाजू असतात, असे अनेकांत शिकवतो. त्यांतील एक बाजू बालकांनाच दिसते. तिला या दालनात स्थान मिळो, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!