एक वाफा, एक चूल



आज भाजीची गोष्ट सांगतो. भाजी म्हटली की आपल्याला बाजार आठवतो. पण थोडी पडीक जागा आणि कष्टाला तयार अशी चार घरं असली, की भाजी दारातच पिकते. आमच्या मांडवीच्या आळीत आम्ही हे करून पाहिलं.

समुद्राजवळची जमीन रेताड. घातलेलं पाणी लगेच खाली जिरतं. म्हणून आम्ही मातीत शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला. गुरं आत येऊ नयेत म्हणून पडका गडगा पुन्हा रचला. पावसाळ्यात मांडवावर पडवळ आणि दोडका चढवला. पाऊस सरल्यावर वाफे करून लाल माट आणि मुळा पेरला. पाण्यासाठी घरोघरच्या पाळ्या लावल्या. समुद्राकाठच्या विहिरीचा फार उपसा केला तर पाणी मचूळ होतं, बरं का! म्हणून झारीनं बेताचंच पाणी घातलं.

महिन्याभरात माट काढणीला आला. कोणी म्हणालं, "एक दिवस सगळे मिळून रांधू या." सगळ्यांनी होकार दिला. पण चूल मांडायची वेळ आली आणि कुजबूज सुरू झाली. भाजी कोण चिरणार? भात कोण शिजवणार? दोन घरांचा निरोप आला, "आमचा वाटा कच्चाच द्या." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. आम्हांलाही कळला. जन्मभर आम्ही मुलांना 'सारे समान' असं शिकवलं, आणि त्या दिवशी मात्र गप्प बसलो. आज तुमच्यापुढे हे कबूल करतो.

बोलली ती एक म्हातारी. विळी पुढे ओढून ती म्हणाली, "बी पेरताना माझा हात चालला. शेण कालवताना चालला. मग आता चिरताना का नाय चालत?"

कोणालाच उत्तर देता येईना. आम्हांला आपल्याच रत्नागिरीची जुनी गोष्ट आठवली. १९३० च्या सुमारास इथे सहभोजनं झाली. सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध होते. निरनिराळ्या जातींची माणसं एका पंगतीला बसली. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं. तिथे सर्व जातींच्या हिंदूंना प्रवेश होता. त्या काळी अशा पंगतीला बसणं सोपं नव्हतं. जातीचा रोष सोसावा लागे. त्यांनी तो सोसला, आणि आम्हांला इतक्या वर्षांनी साधा एक शब्द बोलणं जड गेलं!

आम्ही उठलो आणि म्हातारीशेजारी भाजी निवडायला बसलो. मग बाकीचेही आले. निरोप पाठवणाऱ्या दोन घरांपैकी एक घर जेवायला आलं. दुसरं आलं नाही. त्यांचा वाटा आम्ही घरी पोचता केला. भांडलो नाही. पुढच्या खेपेला त्याच घरची सून आपणहून मुळा किसायला आली.

आता रांधण्याविषयी दोन शब्द. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर तिच्यातलं सत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं. फार वेळ शिजवू नये. शिजवलेलं पाणी फेकू नये, आमटीत घालावं. माटात लोह असतं. जेवताना वर लिंबू पिळलं, तर ते लोह अंगी लागायला मदत होते. बायकांनी आणि वाढत्या मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. वाढताना बाईमाणसाचं पान शेवटी ठेवू नये.

गाव करी ते राव काय करी, असं आपण म्हणतो. पण नुसतं एकत्र पिकवलं म्हणजे गाव एक झालं असं नाही. एका चुलीवर रांधून सगळे शेजारी बसून जेवले, म्हणजे झालं. तुमच्या आळीत वाफा कराल, तेव्हा चुलीचाही विचार त्याच दिवशी करा. आणि कोणी कुजबुजलं, तर आमच्यासारखे गप्प बसू नका.