दुर्बिणीचाही नंबर लिहा



पुण्यात जुन्या रायफलींचे संमेलन आणि सभागृहात एकही रायफल नाही, हे पाहून काही मंडळी बुचकळ्यात पडली असतील. यात पुणेरी काटकसर नाही. परवाना, प्रवासाची परवानगी, पोलीस ठाण्यातली नोंद हे सगळे तुमच्या मागे लावण्यापेक्षा फोटो आणि कागद यांवर भागवावे, असे आम्ही ठरवले. खरे तर आपल्या विषयात कागदाला वजन जास्त आहे, हेच मला आज सांगायचे आहे.

हा विषय पुण्याला परका नाही. इथून जवळच खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे. .303 काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ हा खडकीचा ठसा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. रायफलीवर दुर्बीण बसवण्याच्या इतिहासातही आपल्या बाजूचा एक धागा आहे. व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसणारी दुर्बीण ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते कर्नल डेव्हिडसन कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात नोकरी केलेले अधिकारी. व्हिटवर्थची नळी आतून षटकोनी. 1860 साली विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीचा चाप ओढून नेमबाजीच्या स्पर्धांचे उद्घाटन केले. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांनी ती वापरली आणि तेव्हापासून बाजारात येणारी प्रत्येक व्हिटवर्थ ‘त्या युद्धातली’ असते! विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हा आपल्या छंदातला पहिला धडा. तो बहुतेकांनी पैसे मोजूनच शिकलेला असतो.

पहिल्या महायुद्धातल्या ली-एन्फिल्डवर ब्रिटिशांनी पेरिस्कोपिक प्रिझम आणि आल्डिस या दुर्बिणी बसवल्या, त्याही नळीच्या मधोमध न बसवता डावीकडे सरकवून. वरून काडतुसांची पट्टी भरता यावी, हा हिशेब. पण खंदकातल्या पोलादी पत्र्याच्या अरुंद भोकातून नेम धरताना ही तिरकी दुर्बीण आड येई. त्या युद्धात ब्रिटिश नेमबाजांना शिकवणाऱ्या हेस्केथ-प्रिचर्ड यांनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याबद्दल चांगलाच राग काढला आहे. युद्ध संपल्यावर अनेक रायफलींवरच्या दुर्बिणी उतरवल्या गेल्या. म्हणून त्या काळची मूळ जोडी आज इतकी दुर्मीळ आहे.

पण मोल कसे करावे हे शिकायचे असेल, तर दुसऱ्या महायुद्धातली ली-एन्फिल्ड ‘नंबर फोर टी’ हीच खरी शाळा. बीएसए कारखान्यात अचूक ठरलेल्या नंबर फोर रायफली वेगळ्या काढायच्या आणि हॉलंड अँड हॉलंड या बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवायच्या. तिथले कारागीर डाव्या अंगाला दोन बैठका बसवत, दस्त्यावर गालासाठी लाकडी उंचवटा लावत आणि नंबर 32 दुर्बीण चढवत. ही दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी योजलेली होती. आता ठसे बघा. रायफलीच्या डाव्या अंगावर ‘टी’, दस्त्याच्या खालच्या बाजूला ‘एस 51’ हा हॉलंडचा संकेत, दुर्बीण धरणाऱ्या कमानीवर रायफलीचा नंबर आणि दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा नंबर. रायफलीने दुर्बिणीचा नंबर अंगावर वागवायचा आणि कमानीने रायफलीचा. पत्रिका जुळवताना आपल्याकडे छत्तीस गुण बघतात, इथे दोन नंबर जुळले तरी लग्न पक्के. ज्या लाकडी पेटीतून ती आली ती पेटी आणि दुर्बिणीचा पत्र्याचा डबाही सोबत असेल, तर जाणकार एकमेकांकडे न बघता खिशात हात घालतात. अशा जोडीला साध्या नंबर फोरच्या कित्येक पट किंमत येते.

कधी मानेवरचा दुर्बिणीचा नंबर खोडून शेजारी दुसरा ठोकलेला दिसतो. नवखा संग्राहक तिथे नाक मुरडतो. वास्तविक, नोकरीत असताना दुर्बीण बिघडली, शस्त्रशाळेने दुसरी जोडली, नवा नंबर टाकला, एवढाच त्याचा अर्थ. तो डाग नाही, ती रायफलीची सेवापुस्तिका आहे. संशय घ्यायचा असेल तर फार स्वच्छ, फार नव्या, सगळे ठसे एकाच हाताने काल ठोकल्यासारख्या वस्तूवर घ्या. रशियन मोसिन रायफलीची कथाही अशीच. युद्धानंतर असंख्य मोसिनच्या दुर्बिणी काढून बैठकीची भोके बुजवली गेली. आज कुणी ती भोके उघडून नवी नकली पीयू दुर्बीण बसवतो. रायफल खरी, दुर्बीण खोटी आणि किंमत मात्र खऱ्या जोडीची.

आपल्याकडचे नुकसान मात्र नकलाकारांपेक्षा प्रेमळ माणसांनी जास्त केले आहे. दसऱ्याला शस्त्रपूजा झालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण पूजेआधी पॉलिशपेपर घेऊन नळी चांदीसारखी चमकवणे बंद करा. त्या घासण्यात ठसे जातात आणि ठसे गेले की मोल गेले. दुर्बिणीचे तसेच. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, जुन्या भिंगांच्या जोडातला बाल्सम सुटतो. चष्म्याच्या दुकानात नेऊन ती उघडू नका. कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जाणत्या माणसाची वाट बघा.

आता कायद्याचे दोन शब्द. रायफल जुनी झाली म्हणून परवान्यातून सुटत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमातले सूट देणारे कलम 45 सोयीपुरते वाचू नका. दुरुस्त करूनही जी डागता येणार नाही तिची गोष्ट वेगळी, चालणारी रायफल ही कायद्याने रायफलच. .303 तर प्रतिबंधित बोअरमध्ये येते. त्यामुळे परदेशी लिलावातला आकडा पाहून घरच्या रायफलीची किंमत धरणाऱ्यांनी जपून असावे. इथे गिऱ्हाईकच मोजके आणि शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरली की 1972 च्या कायद्याने खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. बाजारभाव आणि मोल यांत आपल्याकडे एवढे अंतर आहे, ते मान्य करूनच हा छंद करावा.

शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे दोनच बंदुका राहू शकतात, वारसाहक्काने आलेल्या धरूनसुद्धा. त्यामुळे आजोबांच्या, पणजोबांच्या रायफली घराबाहेर पडल्या. कायद्याशी माझे भांडण नाही. माझी तक्रार नोंदीबद्दल आहे. परवान्यावर रायफलीचा नंबर असतो, दुर्बिणीचा नसतो. रायफल जमा होते, दुर्बीण घरातल्या पोरांच्या खेळण्यात जाते, पेटीत लोणच्याच्या बरण्या बसतात. एकदा जोडी फुटली की ती पुन्हा जुळवायला कुणाकडे काही आधार उरत नाही.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने एकच विनंती. बाहेरच्या टेबलावर कोरे नोंदपत्रक ठेवले आहे. ज्यांच्या घरी, नात्यात किंवा ओळखीच्या वाड्यात दुर्बीण लावलेली जुनी रायफल आहे किंवा होती, त्यांनी रायफलीचा नंबर, कमानीवरचा नंबर, दुर्बिणीचा नंबर आणि ती घरात कशी आली याच्या चार ओळी लिहून द्याव्यात. रायफल जमा करायची असेल, तर दुर्बीण, कमान आणि पेटी तिच्यासोबतच द्या आणि पावतीवर त्या प्रत्येकाचा उल्लेख करून घ्या. नोंदपत्रके उद्या दुपारच्या जेवणापर्यंत स्वीकारली जातील.